तुमचा बोअर, आपली कॉइल

आप्पा,

परवा तुमचं तेरावं झालं. काल मांडववाले खुर्च्या उचलून घेऊन गेले आणि अंगण एकदम मोकळं दिसायला लागलं. जेवायला आलेली माणसं तुमच्याबद्दल पुष्कळ बोलली. तालमीत तुम्ही कुणाला कसं चीत केलंत, तुमच्या मेथीच्या जुड्या मार्केट यार्डात गाडीतून उतरायच्या आधीच कशा संपायच्या, एका पुढाऱ्याला तुम्ही ओट्यावरून कसं उठवून लावलंत. मी वाढत होते आणि ऐकत होते. हे सगळे आप्पा माझ्या आधीचे. मला मिळाले ते अगदी शेवटचे, आणि तेही एका तांब्याच्या तारेमुळे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण दुसऱ्या कुणाला सांगितली तर भलताच अर्थ निघेल. तुम्ही गेलात त्या दुपारी मला पहिल्यांदा हायसं वाटलं. रडू नंतर आलं, भरपूर आलं. पण तुमच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर मनात आलं ते एवढंच, की बरं झालं, आधी नाही गेलात. ते काम पुरं करून गेलात.

मी या घरात आले तेव्हा खडकीच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली, नोकरी करणारी, नवऱ्याला नावानं हाक मारणारी मुलगी होते. मी 'प्रकाश' म्हटलं की तुम्ही खाकरायचात आणि उठून ओट्यावर जाऊन बसायचात. आपलं भांडण असं कधी झालं नाही, कारण बोलणंच नव्हतं. तुम्हाला काही हवं असलं की तुम्ही आईंना सांगायचात आणि आई मला सांगायच्या. आई गेल्यावर मध्ये कुणी उरलं नाही, तेव्हा तुम्ही भिंतीशी बोलायला लागलात. "च्या झाला आसंल तर बरं हुईल." भिंत काही चहा करायची नाही, मग मी करायचे.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागायच्या आधीची गोष्ट. दुपारी टीव्हीवर कुठल्याशा गावात बोअरच्या खड्ड्यात पडलेल्या पोराला वर काढायचं काम चाललं होतं. तुम्ही जेवत होतात. अर्धी भाकरी तशीच ठेवून तुम्ही उठलात. संध्याकाळीही जेवला नाहीत. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला निघाले होते, तर तुम्ही दारात उभे होतात आणि पहिल्यांदाच भिंतीकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणालात, "वैशाली, तुमच्या त्या कालीजात जिमिनीतलं लोखंड हुडकायचं यंत्र आसतं का?"

मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते हे तुम्हाला माहीत होतं याचंच मला आश्चर्य वाटलं.

"कशाला हवंय, आप्पा?"

तुम्ही खाली बसलात आणि सांगितलंत. आपल्या घरामागं आज सोसायटीचं मैदान आहे तिथं आपलं शेत होतं. एका दुष्काळाच्या साली तुम्ही त्यात बोअर घेतलात. कोरडा गेला. माती ढासळू नये म्हणून वरच्या भागात घातलेले केसिंगचे लोखंडी पाइप अडकून बसले, निघेनात, म्हणून तसेच सोडले. तोंडावर डिझेलच्या पिंपाचं झाकण टाकलंत आणि वर माती लोटलीत. पुढं जमीन विकली. बिल्डरला तुम्ही सांगितलंत, तो म्हणाला, बघतो. त्यानं वर मुरूम टाकला, सपाट केलं, इमारती उभ्या राहिल्या आणि मैदान मुलांचं झालं.

"झाकान किती दिस टिकायचं?" तुम्ही म्हणालात. "गंजलं आसंल. वर समदी पोरं नाचत्यात."

संध्याकाळी मी प्रकाशला सांगितलं. त्याला राग आला नाही, वाईट वाटलं. आदल्याच महिन्यात तुम्ही भाजी आणायला म्हणून निघालात आणि वडगावला पोचलात, तिथून कुणीतरी फोन केला होता. डॉक्टर म्हणाले होते, वय आहे, थोडं विसरणार. प्रकाश म्हणाला, "अगं, बिल्डर काय बोअर उघडा ठेवून वर मैदान करेल का? बुजवला असेल. आणि कुणास ठाऊक, तो बोअर आपल्या शेतात होता की काकांच्या. आप्पांना हल्ली काहीही आठवतं."

त्याचं म्हणणं मला पटतही होतं. पण मी चहा द्यायला आले तेव्हा तुम्ही गॅलरीत उभे होतात, खाली मुलं खेळत होती आणि एखादं पोर पळायला लागलं की तुमचा हात कठड्यावर घट्ट व्हायचा. बोअर खरा असो की खोटा, ती भीती खरी होती. म्हणून मी यंत्र आणायचं ठरवलं.

मॉलच्या दारात अंगावरून फिरवतात तसलं छोटं डिटेक्टर मी लॅबमधून आणलं. तुम्ही ते हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलंत. "किती खोल बघतंय ह्ये?"

"वीतभर. फार तर थोडं जास्त."

"आन् झाकान हाय मांडीएवढं खाली. ह्येचा काय उपेग?"

उपयोग नव्हताच. डिटेक्टरच्या तोंडाशी तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, असतं, ते जेवढं लहान तेवढी त्याची नजर जवळची. खोलातली मोठी वस्तू शोधायची तर वेटोळंही मोठं हवं, दारासारखं. तसं विकत मिळतं, पण मागवायला वेळ लागणार होता आणि सुट्ट्या तोंडावर आल्या होत्या. मी म्हटलं, आपण घरी करू. तुम्ही 'आपण' हा शब्द ऐकलात आणि खाकरला नाहीत.

तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून मी डिटेक्टरचा तयार सर्किट बोर्ड आणि इनॅमलच्या तांब्याच्या तारेचं रीळ आणलं. तुम्ही सिंहगड रस्त्यावरच्या प्लंबिंगच्या दुकानातून पीव्हीसीचे पाइप आणि कोपरे आणलेत. स्क्रू कुठंही चालणार नव्हता, सगळं गोंदानं चिकटवायचं, नाहीतर कॉइलला स्वतःचीच हाडं दिसली असती. अंगणात आपण दाराएवढी चौकट जोडली आणि तिच्याभोवती तार गुंडाळायला बसलो. तुम्ही रीळ धरून तार सैल सोडत होतात, मी ओढून घेत होते.

मी सांगितलं, हा बोर्ड तारेत झटकन वीज सोडतो आणि झटकन थांबवतो. थांबवल्यावर खाली लोखंड असेल तर त्यातून क्षणभर उत्तर येतं. म्हणजे आधी हाक मारायची आणि मग गप्प बसून ऐकायचं.

"तुझ्या सासूनं निम्मंच केलं," तुम्ही म्हणालात. "हाक मारायची. आयकायची न्हाई कदी."

मी तुमच्याकडे बघितलं. तुमच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. मग मिशी हलली. या घरात येऊन मला इतकी वर्षं झाली होती आणि तुम्ही विनोद करता हे मला त्या दिवशी कळलं.

वेढे किती द्यायचे यावरून आपलं पहिलं खरं भांडण झालं. मी हिशेब करून नऊ वेढे ठरवले होते. रिळावर तार शिल्लक राहिलेली बघून तुमचा जीव तुटत होता.

"आजून धा-बारा येढे दे की. लांबचं दिसंल."

"नाही आप्पा. जास्त वेढे दिले की कॉइल सुस्त होते. हाक मारून गप्प व्हायलाच तिला वेळ लागतो, तोवर उत्तर निघून जातं."

"तार वाया चाललीया."

"वाया नाही जात. ठेवून देऊ."

"मोटंला दोर आखूड पडला तर पानी येत न्हाई, एवढं मला कळतंय."

मी मोटेचा आणि याचा काही संबंध नाही असं जोरात म्हणाले. तुम्हीही जोरात म्हणालात की असतो. प्रकाश आतून बाहेर आला, आपल्या दोघांना तोंडाला तोंड देऊन भांडताना बघून थक्क झाला आणि परत आत गेला. वेढे नऊच राहिले. तुम्हाला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

घमेलं उपडं ठेवून आपण चौकट त्याच्यावर धरली आणि हळूहळू उचलली. कमरेच्या वर गेली तरी बोर्ड बसवलेल्या डब्यातून गुणगुण येत राहिली. तुमचे डोळे लकाकले. माझ्या बांगड्या, मंगळसूत्र काढावं लागेल का, हे तुम्ही फार आडवळणानं, जमिनीकडे बघत विचारलंत. मी म्हटलं, नाही लागणार, एवढ्या मोठ्या कॉइलला बारीकसारीक काही दिसत नाही. तुम्ही सुटकेचा श्वास टाकलात. आई असत्या तर काय म्हणाल्या असत्या, हे आपल्या दोघांच्याही मनात आलं असणार.

मैदान सोसायटीचं, म्हणून परवानगी लागणार होती. अध्यक्ष जोगळेकर. त्यांनी आपलं सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "शोधा की. खजिना सापडला तर सोसायटीचा, बोअर सापडला तर तुमचा." मग दार लावून घेतलं. तुम्ही जिन्यात म्हणालात, "मानूस वाईट न्हाई. तोंड वाईट हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण ती चौकट दोन्हीकडून धरून मैदानात उतरलो. सासरा एका टोकाला, सून दुसऱ्या टोकाला, मध्ये दारासारखा पांढरा सापळा आणि माझ्या गळ्यात गुणगुणणारा डबा. चालायला आलेल्या बायका थांबल्या. गॅलऱ्या भरल्या. एकानं वरून विचारलं, "काका, मोबाइल हरवला का?"

आणि ती कॉइल जागेवरच बोंब मारत होती. कुठंही न्या, एकच सूर. मला वाटलं तार कुठंतरी टेकतेय. घरी येऊन सगळी टेप काढली, वेढे सोडले, पुन्हा गुंडाळले, टोकांचं इनॅमल पुन्हा खरवडून डाग दिला. परत मैदानात गेलो, परत तेच. दुपारी उन्हानं कावून तुम्ही पायरीवर बसलात, सुपारी कातरायला बंडीच्या खिशातून भला थोरला अडकित्ता काढलात आणि पायरीवर ठेवलात. मी जरा बाजूला न्यायला म्हणून चौकट उचलली, तर ती गप्प.

आपण दोघंही त्या अडकित्त्याकडे बघत राहिलो.

"बारीक दिसत न्हाई म्हनालीस की," तुम्ही म्हणालात.

"अडकित्ता बारीक आहे का, आप्पा? आणि तोही तारेला चिकटून?"

त्या दिवशी मी इतकी हसले की पोट दुखलं.

त्यानंतरचे दिवस मात्र हसण्याचे नव्हते. तुम्ही अगदी खात्रीनं जागा दाखवलीत. नाल्याच्या काठापासून चालत आलात, थांबलात, काठी टेकवलीत. "हितं." तिथं काहीच नव्हतं. आजूबाजूला काहीच नव्हतं. कंपाउंडच्या भिंतीजवळ कॉइल वाजली, ती भिंतीतल्या सळ्यांमुळे. घसरगुंडीजवळ वाजली, ती तिच्या पायांमुळे. एकदा मधोमध वाजली आणि तुम्ही काठी टाकून गुडघ्यावर बसलात. खणलं तर बागेच्या पाण्याचा जुना पाइप निघाला. तुम्ही पुन्हा नाल्यापासून चालत आलात. पुन्हा तिथंच थांबलात. पुन्हा काही नाही.

चौथ्यांदा की पाचव्यांदा असं झालं तेव्हा तुम्ही चौकट खाली ठेवलीत. "पर्काश म्हनतो त्येच खरं आसंल," तुम्ही म्हणालात. "माजंच डोस्कं फिरलंया." आणि घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडलात. दोन घास पोटात जात होते तेही बंद झाले.

आता जे सांगते ते तुम्हाला कधीच कळलं नाही. ते तुम्हाला सांग, असं परवा प्रकाशनंच मला म्हटलं. त्याला स्वतःला सांगवलं नाही.

त्या संध्याकाळी प्रकाश स्वयंपाकघरात आला आणि हळू आवाजात म्हणाला, "एक पत्र्याचा गोल तुकडा आणतो. उद्या सकाळी लवकर आप्पांच्या त्या जागेवर पुरून टाकतो. मग तुम्ही जा, वाजू दे, सापडला म्हणू. मी चार पाट्या सिमेंट ओतून टाकतो. त्यांचा जीव तरी शांत होईल. असे झुरून जातील गं ते."

तुमचा मुलगा रडत होता, आप्पा. ते खोटं नव्हतं, तुमच्यावरची माया होती. मी कणीक मळत होते. मी काही फार धीराची बाई नाही. मला तो मार्ग किती सोपा दिसला असेल याची तुम्ही कल्पना करा. पण माझ्या तोंडून निघालं, "आणि बोअर असला तर?"

"नाहीये गं बोअर."

"नाहीच असं म्हणायला आपण सगळं मैदान कुठं बघितलंय? आप्पा म्हणतात तेवढंच बघितलंय. एकदा शेवटपर्यंत बघू. नाही सापडला तर तू म्हणशील ते करू."

त्यानं डोळे पुसले. मग म्हणाला, "मी धरतो एक बाजू."

सकाळी आपण तिघं गेलो. तुम्हाला मी अक्षरशः ओढून नेलं. सुतळी बांधून मैदानाचे पट्टे पाडले. तुमची आठवण नको, प्रकाशचं मत नको, माझाही अंदाज नको, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकही पट्टा न सोडता चालायचं, असं मी म्हटलं. तुम्ही बाकावर बसून राहिलात, हनुवटी काठीवर टेकून. पट्टे संपत आले. पलीकडच्या कोपऱ्यात मुलांचं क्रिकेटचं पिच होतं, पायांनी गुळगुळीत झालेलं. तिथं आजूबाजूला ना भिंत, ना झोपाळा. आणि तिथं डबा एकदम चढला. पुढं गेलो, उतरला. मागं आलो, चढला. आडवं नेलं, पुन्हा तिथंच. चारी बाजूंनी एकाच ठिकाणी.

प्रकाशचा चेहरा पांढरा पडला. "पाइप असेल," तो म्हणाला.

"पाइप लांब वाजत जातो. हे गोल आहे."

तुम्ही बाकावरून उठून आला होतात. तुम्ही मैदानाकडे बघत नव्हतात, नाल्याकडे बघत होतात. आता तो सिमेंटच्या दोन भिंतींमधून सरळ रेषेत वाहतो. "ह्यो हितनं नव्हता," तुम्ही सावकाश म्हणालात. "त्यो वाकडा हुता. पार तिकडनं वळसा घालून यायचा." तुमचा आवाज वर चढला. "आरं पर्काश, नाला हलवलाय त्यांनी! नाला हलला, मी न्हाई!"

ते वाक्य मी कधी विसरणार नाही. तुमची पावलं बरोबर होती. आठवणही बरोबर होती. ज्या काठापासून तुम्ही मोजत होतात तो काठच कुणीतरी उचलून दुसरीकडे ठेवला होता.

पिचभोवती दोरी बांधून मुलांना लांब केलं. फळ्या आडव्या टाकल्या, प्रकाशच्या कमरेला दोर बांधला, त्याचं दुसरं टोक झाडाला. दोराची गाठ तुम्ही स्वतः मारलीत आणि दोनदा ओढून बघितलीत. जोगळेकर लुंगीवरच खाली आले होते. प्रकाश फळीवर पालथा पडून खुरप्यानं मुरूम काढत होता. मांडीएवढं खाली गेल्यावर लालसर चुरा लागला. त्यानं पहारीचं टोक नुसतं टेकवलं. झाकणाचा तुकडा तुटला आणि दिसेनासा झाला. खालून आवाज यायला इतका वेळ लागला की मला वाटलं, येणारच नाही. मग आला.

वरचा मुरूम घट्ट बसला होता म्हणून सगळं टिकलं होतं, एवढंच. आता झाकणच उरलं नव्हतं, येता एखादा जोराचा पाऊस त्यात मुरला असता तर त्या मुरमानं दगा दिला असता.

जोगळेकर मटकन जमिनीवर बसले. "आप्पासाहेब," ते म्हणाले, "माझी नात इथून बोलिंग करते." तुम्ही त्यांच्या शेजारी बसलात आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवलात. प्रकाश फळीवरून उठला, दोर तसाच कमरेला, आणि तुमच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. तुम्ही त्याच्या अंगावरची माती झटकलीत आणि म्हणालात, "आंगोळ कर जा आदी."

पुढं सोसायटीची बैठक झाली. प्रकाश तुम्हाला विनवत होता की तुम्ही येऊ नका, आलात तर बोलू नका, कुणी तक्रार केली तर या वयात पोलीस चौकीच्या चकरा माराव्या लागतील. तुम्ही धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून आलात. उभे राहिलात. "झाकान मी टाकलं हुतं. तवाच दगडमाती भरून बुजवाय पायजे हुता. न्हाई बुजवला. चूक माजी हाय. आता बुजवायचं काम माजं." एवढं बोलून हात जोडलेत. एक जण म्हणाला, मग इतकी वर्षं काय केलंत? तुम्ही म्हणालात, "बिल्डरला सांगितलं आन् निजलो. तीच चूक." मग मागून एक बाई म्हणाल्या, "सापडला ना आता? मग बसा आणि चहा घ्या." आणि विषय तिथंच संपला. तक्रार कुणी केली नाही.

बोअर तळापासून दगड आणि मुरमानं भरला, वर काँक्रीट ओतलं. पुढचे दिवस तुम्ही रोज सकाळी नळी घेऊन त्या काँक्रीटवर पाणी मारायला जायचात. एकदा मी चहा घेऊन तिथंच आले. तुम्ही नळीची धार बघत उभे होतात. "बग," तुम्ही म्हणालात, "आता कुटं ह्या बोरला पानी लागलं." आपण तिथं उभ्यानंच चहा प्यायलो.

तुम्ही पुन्हा जेवायला लागलात. झोपायला लागलात, घोरायला लागलात. भिंतीला सुट्टी मिळाली. मी कॉलेजमधून आले की तुम्ही विचारायचात, आज पोरांना काय शिकवलंस, आणि मी सांगायला लागले की मध्येच, "म्हंजी येढे जास्त दिले आसते तर..." मी म्हणायचे, आप्पा, ते पुन्हा नको. एकदा उरलेल्या तारेचे आणखी वेढे देऊन प्रत्यक्षच दाखवायचं, असं मी मनात ठरवलं होतं. ते राहिलं. तो वाद तसाच उघडा ठेवून तुम्ही गेलात, आणि मला त्याचं फार वाईट वाटत नाही. त्या निमित्तानं अजून मनात तुमच्याशी भांडता येतं.

तुम्ही गेलात ते चहा झाल्यावर, खुर्चीत, पेपर मांडीवर. मला वाटलं डुलकी लागली. कप उचलायला आले आणि कळलं.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. माझे बाबा मी लहान असताना गेले. कुणाबरोबर बसून काहीतरी बनवायचं, मध्येच भांडायचं, पुन्हा कामाला लागायचं, हे मला कधी मिळालं नव्हतं. या वयात मिळेल असं वाटलंही नव्हतं, आणि तेही सासऱ्याकडून. हे मी तुमच्यासमोर बोलले असते तर तुम्ही खाकरून ओट्यावर जाऊन बसला असतात. म्हणून इथं लिहिते आहे.

काल संध्याकाळी खालून एकदम मोठा आरडाओरडा झाला. प्रकाश आणि मी दोघंही हातातलं टाकून गॅलरीत धावलो. काँक्रीटच्या बाजूलाच मुलांनी नवं पिच केलं आहे. जोगळेकरांची नात दोन्ही हात वर करून किंचाळत होती, कारण तिच्या चेंडूवर कुणीतरी आऊट झालं होतं आणि तो आऊट नाहीच म्हणत होता. सगळी पोरं तावातावानं भांडत होती. कुणी स्टंप उपटले, कुणी पुन्हा रोवले. आम्ही कठड्याला टेकून ते भांडण शेवटपर्यंत बघितलं.

त्याला आऊटच दिला, आप्पा. आणि खेळ पुन्हा सुरू झाला.